ठरावाला ४० मतं लागतात?

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक ७८, म्हणून कुठलाही ठराव व्हायला ४० मतं हवीत, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. साध्या ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. समजा ५० जण हजर आहेत, १० तटस्थ राहिले. मग २१ विरुद्ध १९ नेही ठराव मंजूर! तटस्थ राहणं म्हणजे विरोध नव्हे. ज्यांना खरोखर विरोध आहे त्यांनी विरोधातच मत द्यावं. समसमान झाली तर सभाध्यक्षांचं निर्णायक मत. स्वीकृत (निवडून न येता नेमलेले) नगरसेवक बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. एकूण सदस्यसंख्येवर मोजणी होते ती आयुक्तांना सरकारकडे परत पाठवण्यासारख्या ठरावात: तिथे पाच-अष्टमांश मतं लागतात.