खिशातला वायफाय घेताय? आधी घरची रेंज मोजा

मुठीत मावणारी वायफायची डबी, कुणी तिला डोंगल म्हणतं कुणी हॉटस्पॉट, स्वतःचं नेट कुठूनही आणत नाही. आतल्या सिमला टॉवरकडून जेवढं मिळतं तेवढंच ती घरात वाटते. ज्या खोलीत मोबाईलला रेंज नाही, तिथे डबीलाही नसणार. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ‘चालत नाही’ म्हणून आमच्या दुकानात परत येणाऱ्या बऱ्याच डब्या बिघडलेल्या नसतातच.

महिन्यातून दोनदा लॅपटॉपला नेट लागत असेल तर डबी घेऊ नका, फोनचा हॉटस्पॉट पुरे. रोज चार-पाच तासांचं काम असेल तर मात्र फोन तापतो, त्याची बॅटरी मार खाते आणि फोन घेऊन अंगणात गेलात की घरातलं नेट जातं. डबीचा खरा फायदा वेगळाच आहे. चिऱ्याच्या जाड भिंती आणि वर पत्रा असलेल्या घरात रेंज बहुतेक एखाद्या खिडकीत किंवा माळ्यावरच मिळते. डबी तिथे ठेवायची आणि आपण खाली पडवीत बसून काम करायचं. मध्ये दोन भिंती असतील तर दहा मीटरच्या आसपास धरून चाला.

घरी करायची चाचणी

जे सिम डबीत घालणार तेच फोनमध्ये टाका आणि जिथे डबी ठेवायची तिथे उभं राहून स्पीड टेस्ट घ्या. एकदा सकाळी दहाला, एकदा रात्री नऊला. डाऊनलोडचा आकडा पाहून खूश होऊ नका, अपलोड बघा. व्हिडिओ मीटिंगला अपलोड सलग २ ते ३ एमबीपीएस हवा. रेंजच्या दांड्या पूर्ण आणि स्पीड शून्य, हा प्रकार गणपतीत घरोघरी दिसतो: चाकरमानी आले की त्याच टॉवरवर गर्दी होते. तिथे महागडी डबीही काही करू शकत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम तपासा.

दांड्यांपेक्षा नेमका आकडा हवा असेल तर तो डबीच्या सेटिंगच्या पानावर (डबीच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये उघडतं ते) आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, या नावाने दिसतो. उणे ८५ उत्तम, उणे १०५ ला काम चालतं, उणे ११५ च्या पुढे मीटिंग तुटणारच. खिडकी बदलून हा आकडा दहाने सुधारताना दिसतो, म्हणून जागा ठरवायची घाई करू नका.

खोक्यावर काय वाचायचं

‘४जी’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही, बँडचे, म्हणजे डबी कोणत्या लहरी पकडते त्याचे, आकडे बघा. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. २३०० च्या तितक्या येत नाहीत. म्हणून वाडीवस्तीसाठी जिओला बँड ५ (८५०) आणि एअरटेल किंवा व्हीआयला बँड ८ (९००) असलाच पाहिजे, जोडीला ३, आणि जिओ-एअरटेलला ४० (२३००) सुद्धा. बीएसएनएलच्या ४जीला २८ आणि १ लागतात, आणि जुन्या डब्यांत २८ बरेचदा नसतो. जिओच्या नावाने मिळणारी डबी फक्त जिओच्या सिमवर चालते, हे माहीत असू द्या. आखातातून किंवा अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेली डबी तिथल्या कंपनीला लॉक असू शकते. अमेरिकेतल्या १२, १३, ६६ या बँडचा इथे उपयोग नाही.

खोक्यावरचा ‘१५० एमबीपीएस’ हा आकडा प्रयोगशाळेतला समजा. ‘३२ जण जोडा’ हेही तसंच. चार-पाच जण ठीक.

५जीची डबी महाग असते आणि जास्त तापते. तुमच्या वाडीत ५जी पोहोचलं असेल तरच तिचा विचार करा, आणि तुमचा प्लॅन अशा डबीत चालतो का ते सिम कंपनीला आधी विचारा.

सिम कोणतं घालायचं

बँक आणि आधारला जोडलेलं सिम डबीत घालू नका. ओटीपीचा एसएमएस डबीतच येऊन पडतो, तो वाचायला दरवेळी सेटिंगचं पान उघडावं लागतं. नेटपुरतं वेगळं सिम घ्या. डबीची खाच मोठी आणि सिम नॅनो असेल तर अडॅप्टर सपाट बसलाय ना ते पाहूनच सारा. नुसतं रिकामं अडॅप्टर कधीही घालू नका. ते बाहेर ओढताना आतल्या पिना वाकतात.

दिवसाला १.५ जीबीचा प्लॅन मीटिंगवाल्यांना पुरत नाही. तासाभराच्या व्हिडिओ मीटिंगलाच एक जीबीच्या आसपास जातो आणि कोटा संपला की वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो. डबीचा दिवा चालू, वायफाय जोडलेलं, पण पान उघडत नाही, याचं पहिलं कारण बहुधा हेच. दुसरं कारण संपलेला रिचार्ज आणि तिसरं चुकीचा एपीएन, म्हणजे डबीच्या सेटिंगमध्ये भरलेलं सिम कंपनीच्या नेटचं नाव. विंडोज लॅपटॉपवर या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा, नाहीतर अपडेट एका रात्रीत कोटा खाऊन टाकतं.

बॅटरी

२३०० ते ३००० एमएएचची बॅटरी पाच-सहा तास चालते, रेंज कमी असेल तर त्याहून कमी. पावसात लाईट गेली तरी डबी चालते, पण टॉवरची बॅटरी टिकेल तोवरच. चोवीस तास चार्जरवर लावून ठेवली, त्यातही तापलेल्या पत्र्याखाली, तर बॅटरी फुगते. मागचं झाकण वर उचललेलं दिसलं की वापर तिथेच थांबवा. टोचू नका, दाबून झाकण बसवू नका.

जुनी डबी घेत असाल तर बॅटरी काढून खालच्या स्टिकरवरचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे डबीचा ओळख क्रमांक, वाचा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत के-वाय-एम, एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. नंबर ब्लॅकलिस्ट, म्हणजे बंद केलेल्यांच्या यादीत, आला तर व्यवहार करू नका. स्टिकरच खरवडलेलं असेल तर विचारायचीही गरज नाही.

बाजारपेठेत आमच्या दुकानात डबी हमखास चालते, टॉवर समोरच आहे. म्हणून घेण्याआधी अनामत रक्कम ठेवून ती दोन दिवस घरी न्या. येताना घरच्या स्पीड टेस्टचे फोटो आणि सिम बरोबर आणा. पाण्यात पडलेली डबी, फुगलेली बॅटरी आणि वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत.