मे महिन्यातला बिघाड डिसेंबरात कळतो

डिसेंबरातल्या एका गार सकाळी नागपूरच्या महाल भागातून भाच्याचा फोन आला. "मामा, कॉम्प्युटर तीनदा बटण दाबलं तरी सुरू होत नाही, चौथ्यांदा होतो. दुपारी मात्र पहिल्याच दाबात." रॅम पुसून झाली होती. दुकानदाराने मदरबोर्ड बदलायला सांगितलं होतं. मला मात्र त्या 'दुपारी'मध्येच उत्तर दिसलं.

घरातली २३० व्होल्टची एसी वीज घेऊन एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे डीसी प्रवाह करतो. ते स्थिर ठेवायचं काम वीज साठवून ठेवणाऱ्या कॅपॅसिटरांकडे असतं. त्यांच्या पोटातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो आणि अंतर्गत रोध वाढतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो, गरम झाल्यावर कमी होतो. म्हणून जर्जर कॅपॅसिटर सकाळी अडतो आणि दुपारी चालतो. मदरबोर्डवरही असे कॅपॅसिटर असतात, त्यामुळे मोजल्याशिवाय दोष कुणालाच देऊ नये.

मल्टिमीटर घेऊन सकाळीच गेलो. आधी भिंतीचा प्लग, केबल आणि मागचा स्विच पाहिला. मग मोठ्या २४ पिनांच्या जोडणीत मागच्या बाजूने टोक घातलं. जांभळ्या तारेवर कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत, ते होते. पिवळ्या तारेवर १२ व्होल्टला ५ टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. बटण दाबलं, पंखे हलले आणि आकडा ११.१ वर घसरला. हार्ड डिस्क फिरायला लागते त्या क्षणी १२ व्होल्टवर एकदम जास्त ओढ येते. राखाडी तार 'वीज ठीक आहे' असं मदरबोर्डला कळवते. तो निरोप आलाच नाही, म्हणून मदरबोर्ड थांबून राहिला.

हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडून एसएमपीएस सुटाच सुरू केला आणि पंखा फिरला की तो चांगला, असं बरेच जण मानतात. मला ही परीक्षा अपुरी वाटते. पंख्याला वीज लागते कितीशी? खरी कसोटी भाराखालीच. शिवाय मल्टिमीटर सरासरी दाखवतो, व्होल्टेजमधली बारीक थरथर त्याला दिसत नाही. त्यामुळे दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणं हीच शेवटची खात्री. तो लावला आणि कॉम्प्युटर पहिल्या दाबात सुरू झाला.

भाच्याला जुना डबा खोलून पाहायचा होता. मी हात धरला. आत सुमारे ३२५ व्होल्टवर भरलेला मोठा कॅपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही त्यात वीज राहू शकते.

पण हे सुकणं सुरू झालं कधी? ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तासांचा कॅपॅसिटर ६५ अंशांना साधारण ३२,००० तास टिकेल, ७५ अंशांना १६,०००. नागपुरात मेअखेरच्या नवतपात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ताईकडे कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, पश्चिमेच्या भिंतीला टेकून होतं आणि एसएमपीएसच्या जाळीवर धुळीचा थर होता. कूलरची हवा खोलीभर फिरायची, त्या कप्प्यात शिरायची नाही.

त्याच दिवशी कप्प्याची मागची फळी काढली.