गाठोडे बांधणारी कमांड : एलएचएची पार्श्वभूमी

मामा बोटीवर होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी एका सुट्टीला ते फोंड्याला आले ते कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० हा घरगुती संगणक घेऊनच. पुढे ते यंत्र माळ्यावर गेले आणि फ्लॉप्या पत्र्याच्या पेटीत. यंदा पेटी उघडली तेव्हा कितीतरी फ्लॉप्यांच्या तबकड्यांवर बुरशीची पांढरी नक्षी उमटली होती. गोव्यात वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. ज्या हवेत भिंतींनाही घाम फुटतो, तिथे चुंबकी तबकडी तीस-पस्तीस वर्षे राहिली हेच मोठे.

ज्या फ्लॉप्या वाचता आल्या, त्यांतल्या फायली आता नीट बांधून ठेवायच्या आहेत; तेही असे, की अमिगा पुन्हा सुरू झाला तर त्याला स्वतः ते गाठोडे सोडता यावे. त्यासाठीची कमांड एका ओळीची आहे: ‘एलएचए’ (फायली आक्रसून एकत्र बांधणारे अवजार), मग जोडण्यासाठीचे ‘ए’ हे अक्षर, गाठोड्याचे नाव, आणि शेवटी फायली. आजच्या संगणकावर उजवी कळ दाबून झिप करता येत असताना हे वेगळे अवजार का लागते, ते समजायला थोडे मागे जावे लागते.

त्या काळात जागा फार कमी होती. कमोडोर ६४ ची फ्लॉपी एका बाजूला १७० केबी घेई, अ‍ॅपल टू ची १४०. अमिगाची साडेतीन इंची फ्लॉपी त्या मानाने ऐसपैस, ८८० केबीची. तशाच फ्लॉपीवर पीसी ७२० केबी लिहायचा. अमिगा अख्खा ट्रॅक, म्हणजे तबकडीवरचा एक गोल पट्टा, एका दमात लिहितो; सेक्टरांमध्ये, म्हणजे त्या पट्ट्याच्या तुकड्यांमध्ये, मोकळी जागा जवळजवळ सोडत नाही. म्हणून एका ट्रॅकवर ११ सेक्टर बसतात. ११ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, ८० ट्रॅक, २ बाजू : ९,०१,१२० बाइट. अशा वेगळ्या लिखाणामुळे साध्या पीसीला ती फ्लॉपी वाचता येत नाही. मी ग्रीझवीझल नावाचे छोटे यूएसबी कार्ड वापरले. फाइल फोनच्या तारेवरून पाठवायची तर मिनिटामिनिटाचे पैसे पडत, त्यामुळे आकार आक्रसणे हा तेव्हा खर्चाचा प्रश्न होता.

आक्रसण्यामागची कल्पना आपल्याला परकी नाही. आमच्याकडच्या भजनी मंडळांच्या वह्या पाहा. अभंगाचे धृपद एकदाच पूर्ण लिहिलेले असते. पुढे प्रत्येक कडव्याअखेर नुसते ‘॥धृ॥’. गाणारा मागे जाऊन ते उचलतो. १९७७ साली अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी मांडलेली रीत हीच: इतके मागे जा, तिथून इतकी अक्षरे घे. दुसरी कल्पना त्याहून जुनी, १९५२ ची, डेव्हिड हफमन यांची. जुन्या पत्रांच्या मायन्यात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे कोणी पूर्ण लिहीत नसे, ‘सा. न. वि. वि.’ एवढ्यावर भागे. जे वारंवार लागते त्याला आखूड खूण, जे क्वचित लागते त्याला लांब. कोणत्या चिन्हाला किती लांबीची खूण दिली की एकूण लांबी सर्वांत कमी होते, याची पद्धत हफमन यांनी दिली.

आधी युनिक्सवर फायली एकत्र बांधायचे अवजार निराळे आणि आक्रसायचे निराळे होते. १९८५ साली थॉम हेंडरसन यांच्या एआरसीने पीसीवर ही दोन्ही कामे एकाच कमांडीत आणली. फिल काट्झ यांनी त्याचीच वेगवान आवृत्ती केली, त्यावरून १९८८ साली खटला झाला, आणि १९८९ मध्ये काट्झ यांनी झिप हा नवा फॉर्मॅट आणून त्याची रचना सर्वांसाठी खुली केली. ही कहाणी बऱ्याच जणांना ठाऊक असते. माझा जीव जडला आहे तो त्याच सुमाराला जपानात घडलेल्या गोष्टीवर.

१९८८ च्या वसंतात हारुहिको ओकुमुरा यांनी लेंपेल-झिव पद्धतीचा एक छोटा प्रोग्राम लिहून तिथल्या संगणक-नेटवर्कवर सर्वांसाठी ठेवला. त्याच वर्षी त्यांनी त्याची सुधारलेली आवृत्तीही केली. ती फायली छान आक्रसायची, पण तिच्यात अंकगणिती संकेतन (अख्ख्या मजकुराचा मिळून एकच अपूर्णांक करणारी पद्धत) होते आणि त्यामुळे वेळ फार खायची. हारुयासु योशिझाकी यांनी ते संकेतन काढून त्या जागी हफमनचा जुळवून घेणारा प्रकार बसवला. या प्रकारात खुणांचा तक्ता आधीपासून ठरलेला नसतो. फाइल वाचता वाचता तो बदलत जातो, म्हणून सोबत पाठवावा लागत नाही. योशिझाकी पेशाने डॉक्टर. प्रोग्रामर म्हणून नोकरी न करणाऱ्या माणसाने हे अवजार घडवले आणि सोर्स कोडसकट मोकळेपणाने वाटून टाकले, ही गोष्ट मला अजूनही हलवून जाते. त्याचे नाव एलएचआर्क. पुढची आवृत्ती नुसत्या ‘एलएच’ नावाने यायची होती, पण एमएस-डॉस ५ मध्ये त्याच दोन अक्षरांची कमांड निघाली, म्हणून ‘एलएचए’.

त्या आवृत्तीत ‘एलएच५’ ही नवी पद्धत आली. मागे वळून पाहण्याची मर्यादा पूर्वी ४ केबी होती, ती ८ केबी झाली. बदलत्या तक्त्याऐवजी फाइलच्या एकेका तुकड्यासाठी ठरलेला तक्ता आला, म्हणून सोडण्याचा वेग वाढला. ५१२ केबी मेमरीच्या यंत्राला मागे पाहण्याची ही ८ केबीची खिडकी सहज पेलते. हीच पद्धत पुढे पीसींच्या अवॉर्ड बायोसमध्येही, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्येही, वापरली गेली. म्हणजे गोव्यातल्या कितीतरी सायबर कॅफेंतले संगणक सकाळी सुरू होताना आधी एक एलएचए गाठोडे सोडत असणार.

कोड खुला असल्यामुळे तो यंत्रायंत्रांवर पोचला. अमिगावर स्टेफान बोबर्ग यांनी ‘एलएचए’ वेगवान करून आणले, आणि १९९२ साली सुरू झालेल्या अ‍ॅमिनेट या अमिगाच्या सार्वजनिक कोठारात याच फॉर्मॅटची गाठोडी साठत गेली. १९९४ साली कमोडोर दिवाळखोरीत निघाली, पण ते कोठार आजही उघडे आहे.

झिप का चालत नाही, त्याचे उत्तर इथे आहे. अमिगाच्या फाइलसोबत आठ खुणा असतात: वाचता येते का, पुसता येते का, ही कमांडींची यादी आहे का, अशा. शिवाय ७९ अक्षरांपर्यंतचा एक शेरा लिहिता येतो. पीसीवर केलेल्या साध्या झिपमध्ये हे सगळे गळून पडते. प्रोग्राम परत अमिगावर नेला की तो तिथे असतो, पण चालेलच असे नाही. अमिगावरचे एलएचए हा संसार सोबत बांधते, आणि प्रत्येक फाइलचा १६ बिटांचा पडताळा-अंकही लिहून ठेवते. एखादा बाइट बिघडला तर सोडताना कळते.

आज अडचण बांधण्याची आहे. सोडणारी अवजारे पुष्कळ. सेव्हन-झिप एलएचए फक्त सोडते, लिनक्सवरचे ल्हासाही तेवढेच. बांधायचे तर युनिक्ससाठीचे जुने एलएचए शोधावे लागते, आणि पद्धत ‘एलएच५’च ठेवावी, कारण पुढच्या ‘एलएच६’ आणि ‘एलएच७’ जुनी यंत्रे ओळखतील याची खात्री नसते. गोव्यात आणखी एक खोच आहे. आपल्याकडच्या पोर्तुगीज नावांत अक्षरावर लहर येते, ‘सी’ला खाली शेपटी येते. अमिगा असे अक्षर एका बाइटात लिहितो, लिनक्स दोन बाइटांत. मामांच्या बोटीवरच्या मित्रांच्या नावांच्या फायली लिनक्सवर आल्या त्या विस्कटूनच.

म्हणून शेवटी मी एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, अमिगाच सुरू केला आणि त्याच्याच शेलमध्ये, कमांड टाइप करायच्या खिडकीत, कमांड दिली. नावे जशीच्या तशी राहिली. गाठोडे दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडून पाहिले, पडताळा जुळला. आजीला लिहिलेल्या एका पत्राच्या फाइलला मामांनी रोमन अक्षरांत शेरा दिला होता, ‘एडनहून, पोस्टात टाकायचे राहिले’, तोही तिथेच होता.