मुंबईचा बर्फ : बोस्टनच्या तळ्यांपासून ससून डॉकपर्यंत

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते. मुंबईत मात्र पाणी आपणहून कधी गोठत नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेलं ७.४ अंश सेल्सिअस हा इथला नीचांक. तरीही या शहराचा एक दिवस बर्फाशिवाय जात नाही, आणि त्याची सुरुवात झाली ती परदेशातल्या थंडीवर.

बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर तिथली गोठलेली तळी करवतीनं कापून बर्फ जहाजांतून विकायचा. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, हलकं होतं, म्हणून तळ्याचा बर्फ वरच तरंगतो आणि काठावरून कापता येतो. १८३३ मध्ये त्याचं जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोहोचलं. निघताना भरलेल्या सुमारे १८० टनांपैकी १०० टन शाबूत होता. लाकडाच्या भुशानं उष्णता अडवली हे खरंच, पण मूळ गुण बर्फाचाच : तो वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात शून्य अंशाचं पाणी ८० अंशांपर्यंत तापतं.

मुंबईला हा बर्फ १८३४ मध्ये आला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम दिलं गेलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, ही त्या काळची गोष्ट अजून आवडीनं सांगितली जाते. पुढे १८४३ मध्ये सेंट अँड्र्यूज चर्चशेजारी घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. आज त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. तो बर्फ होता साहेबांचा आणि शेटियांचा. मला या इतिहासातला महत्त्वाचा भाग त्यानंतरचा वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्फाचे कारखाने निघाले आणि बोस्टनचा माल थांबला. कारखान्यात अमोनियाच्या यंत्रानं मिठाचं पाणी शून्याखाली नेतात. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही, पण त्यात बुडवलेल्या पत्र्याच्या डब्यांतलं गोडं पाणी गोठतं. पॉटच्या आइस्क्रीमला बर्फात खडेमीठ घालतात, त्यामागेही हेच तत्त्व. लादी नीट पाहिली तर कडा काचेसारख्या आणि मधोमध पांढरा पट्टा दिसतो. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि विरघळलेली हवा, क्षार मध्यभागी ढकलत नेतं. शेवटी ते तिथेच अडकतात.

या लाद्यांनी कोळ्यांचा धंदा बदलला. पूर्वी मासळी त्याच दिवशी विकायची, नाहीतर खारवायची, सुकवायची. बर्फाचा चुरा भरून घेता यायला लागल्यावर इंजिनाच्या बोटी कित्येक दिवस खोल समुद्रात राहू लागल्या. पहाटे ससून डॉकला गेलं की हे सारं डोळ्यांसमोर असतं : लादी यंत्रात जाते, चुरा होऊन बोटीच्या पोटात पडतो, आणि शेजारच्याच बोटीतून बर्फातली मासळी वर येते.

बर्फात ठेवणं आणि गोठवणं या दोन गोष्टी मात्र वेगळ्या. बर्फात मासळी शून्याच्या आसपास राहते, तिच्या आतलं पाणी गोठत नाही. घरच्या फ्रीजरमध्ये ते सावकाश गोठतं, मोठे स्फटिक बनतात आणि पेशी फुटतात. बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त, त्यामुळे त्याचा लगदा होतो. ओला बोंबील ज्या दिवशी आणला त्याच दिवशी तळावा. नाहीतर वेसाव्याला, मढला बांबूवर वाळवतात तसा सुका घ्यावा. झपाट्यानं गोठवलं तर स्फटिक बारीक राहतात. निर्यातीची कोळंबी त्यामुळेच टिकते.

मासळीवरचा बर्फ प्यायच्या पाण्याचा असेलच असं नाही, आणि तोच फोडून सरबतात, गोळ्यात गेला की पोटाचे विकार होतात. गोठल्यानं जंतू मरतातच असं नाही, पुष्कळसे नुसते थांबून राहतात. म्हणून २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं. गाडीवर निळसर लादी दिसली तर तिथला गोळा मुलांना घेऊन देऊ नका.