प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता : विद्यापीठातील संशोधन-इमारतीच्या नियोजनात कोणती कशासाठी

विद्यापीठात नवे संशोधन संकुल किंवा मध्यवर्ती उपकरण केंद्र उभारायचे ठरले की दोन मान्यतांची नावे सतत कानावर पडू लागतात. दोन्ही कागदांवर रक्कम असते, दोन्हींना अंदाजपत्रक जोडलेले असते आणि दोन्हींवर ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून कोणाची तरी सही असते. त्यामुळे ‘मान्यता आली’ एवढे ऐकून विभागप्रमुख उपकरणांच्या खरेदीला लागतात आणि आलेली मान्यता नेमकी कोणती, हा प्रश्न निविदेच्या वेळी उपस्थित होतो. तोवर बदल करण्याची सोयीची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

प्रशासकीय मान्यता हा निर्णय असतो. हे काम करावे की नाही, ते कोणासाठी करावे, त्यात काय काय असावे, त्याला साधारण किती खर्च यावा आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून व्हावा, हे ठरवण्याचा अधिकार ज्याची गरज आहे आणि ज्याच्या हाती निधी आहे त्याचा. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठ स्वतःच्या निधीतून इमारत बांधत असेल, तर प्रस्ताव वित्त व लेखा समितीकडून व्यवस्थापन परिषदेकडे जातो आणि त्यासाठीची तरतूद अर्थसंकल्पातून अधिसभेपुढे येते. निधी शासनाचा असेल, तर उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघतो. या टप्प्यावरचे अंदाजपत्रक ढोबळ असते. बांधकामाचे एकूण क्षेत्रफळ गुणिले चौरस मीटरचा दर, त्यावर विद्युतीकरण, अग्निशमन, पाणीपुरवठा, वास्तुविशारदाचे शुल्क, कर आणि आकस्मिक खर्च, अशा रीतीने आकडा तयार होतो. एवढा ढोबळपणा येथे चालतो, कारण काम हाती घ्यावे की नाही हे ठरवायला तो पुरेसा असतो.

तांत्रिक मान्यता हा अभियंत्याचा दाखला असतो. आराखडा संरचनेच्या दृष्टीने सुरक्षित आहे, नकाशे पूर्ण आहेत, प्रत्येक बाबीचे परिमाण मोजून काढले आहे, दर राज्य दरसूचीप्रमाणे आहेत आणि दरसूचीत नसलेल्या बाबींना दरविश्लेषण जोडले आहे, याची जबाबदारी त्या सहीने घेतली जाते. म्हणूनच ही मान्यता कुलगुरू देत नाहीत, व्यवस्थापन परिषदही देत नाही. कामाच्या रकमेनुसार कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता किंवा मुख्य अभियंता अशी अधिकाराची उतरंड असते, आणि विद्यापीठाचा स्वतःचा अभियांत्रिकी विभाग असला तरी त्यालाही अधिकारमर्यादा असते. महाराष्ट्रातील सार्वजनिक बांधकाम विभागाचे स्थापत्य आणि विद्युत असे वेगळे विभाग असल्याने एकाच प्रशासकीय मान्यतेखाली दोन किंवा अधिक तांत्रिक मान्यता असणे ही नेहमीची गोष्ट आहे. संशोधन-इमारतीत याचे महत्त्व वाढते, कारण वातानुकूलन, अखंड वीजपुरवठा आणि वायुवीजन हाच तिथे खर्चाचा मोठा भाग असतो आणि तो स्थापत्य अंदाजपत्रकात दिसत नाही.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १३६ हा क्रम स्पष्ट करतो. काम सुरू करण्यापूर्वी किंवा त्यासाठी कोणतेही दायित्व पत्करण्यापूर्वी प्रशासकीय मान्यता, खर्चास मंजुरी, मंजूर सविस्तर आराखडा, दरसूचीवर आधारित मंजूर अंदाजपत्रक, त्या वर्षासाठी निधीची तरतूद, निविदा आणि कार्यारंभ आदेश या गोष्टी हव्यात. म्हणजे ज्याला आपण बोलताना एकच ‘मंजुरी’ म्हणतो, तिचे नियमात सात पदर आहेत, आणि खर्चास मंजुरी हा त्यातला स्वतंत्र पदर आहे. आराखडा करताना इमारतीच्या संपूर्ण आयुष्यातील खर्चाचाही विचार करता येईल, असे त्याच नियमात म्हटले आहे. हे वाक्य प्रस्ताव लिहिणाऱ्यांच्या नजरेतून बहुधा सुटते. भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या परिनियमांतही हीच विभागणी आहे: मोठ्या भांडवली कामांना प्रशासकीय मान्यता आणि खर्चमंजुरी नियामक मंडळाकडून, तर अंदाजपत्रके तयार करून घेणे आणि त्यांची तांत्रिक छाननी हे काम इमारत व बांधकाम समितीकडे.

गोंधळाची खरी किंमत मोजावी लागते ती व्याप्तीच्या बाबतीत. तांत्रिक मान्यता देणारा अभियंता प्रशासकीय मान्यतेत नसलेली गोष्ट अंदाजपत्रकात घालू शकत नाही. ती कितीही आवश्यक असली तरी. संशोधकांना मात्र असे वाटत राहते की ‘तांत्रिक’ म्हणजे आपल्या यंत्रांविषयीचे, आणि म्हणून यंत्रांच्या गरजा ते त्या टप्प्यासाठी राखून ठेवतात. हा समज उलटा आहे. यंत्रांच्या गरजा प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावातच यायला हव्यात.

काही उदाहरणांवरून हे लक्षात येईल. भारतीय मानक आयएस ८७५, भाग २ नुसार वर्गखोलीच्या जमिनीवरचा भार प्रति चौरस मीटर ३ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलो धरला जातो, तर ग्रंथालयातील पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीसाठी तो ६ किलोन्यूटनपासून सुरू होतो. प्रस्तावात ‘तीन मजली शैक्षणिक इमारत’ एवढेच लिहिले, तर ढोबळ दर वर्गखोल्यांच्या इमारतीचा लागतो आणि वरच्या मजल्यावर जड यंत्र ठेवण्याची सोय त्या आकड्यात नसते. चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटमापकाला, म्हणजे एनएमआरला, त्यातील चुंबक अतिथंड ठेवण्यासाठी द्रवरूप हेलियम लागतो. चुंबक अकस्मात तापला, तर तो हेलियम सामान्य तापमानाला येईपर्यंत सातशेहून अधिक पट प्रसरण पावतो आणि खोलीतील प्राणवायूला बाजूला सारतो; त्यासाठी थेट बाहेर जाणारी नळी आणि छताची पुरेशी उंची आधीच हवी. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला शेजारच्या उद्वाहनाचे कंप आणि विद्युतवाहिन्यांचे चुंबकीय क्षेत्र चालत नाही, म्हणून त्याची जागा तळमजल्यावर आणि जिन्या-उद्वाहनांपासून दूर ठरवावी लागते. रसायनशाळेतील घातक वाफा ओढून घेणाऱ्या धूरपेट्या तर खोलीतील थंड केलेली हवा सतत बाहेर फेकत असतात, आणि बाहेर गेली तेवढी हवा पुन्हा थंड करून आत आणण्याचा भार वातानुकूलनावर पडतो. यातली एकही गोष्ट इमारत उभी राहिल्यावर स्वस्तात बसवता येत नाही.

अडचण अशी की यंत्राचे नेमके मॉडेल खरेदी समितीत नंतर ठरते आणि इमारत आधी आखावी लागते. यावर व्यवहारात एक मार्ग निघतो: संभाव्य मॉडेलांच्या उत्पादकांनी दिलेल्या जागापूर्वतयारीच्या अटी एकत्र करून त्यांतली सर्वांत कडक अट प्रत्येक खोलीसाठी धरायची आणि खोलीनिहाय तक्ता प्रस्तावाला जोडायचा. भार, वीज, तापमान, आर्द्रता, पाणी, वायू, निचरा एवढे रकाने पुरतात. माझ्या मते संपूर्ण प्रस्तावात या तक्त्याइतके मोलाचे दुसरे पान नसते. उद्दिष्टांची आणि दूरदृष्टीची पाने नंतर कोणी उघडत नाही, हा तक्ता मात्र अंदाजपत्रकापासून जादा बाबींच्या वादापर्यंत प्रत्येक टप्प्यावर काढला जातो.

रकमेचे नातेही नीट पाहावे लागते. समजा, ४० कोटी रुपयांची प्रशासकीय मान्यता आहे: स्थापत्य २६ कोटी, विद्युत व वातानुकूलन ६ कोटी, उपकरणे ५ कोटी आणि शुल्क-आकस्मिक ३ कोटी. सविस्तर अंदाजपत्रक केल्यावर स्थापत्य काम २४ कोटींत बसले, तर उरलेले २ कोटी विभागाच्या हाती मोकळे येत नाहीत. प्रस्तावात नसलेले सभागृह त्यातून बांधायचे म्हटले, तर एकूण रक्कम ४० कोटींच्या आत राहूनही नव्याने मान्यता लागते, कारण रकमेबरोबर व्याप्तीही मान्य झालेली असते. उलट खर्च वाढला, तर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीत मूळ मान्यतेच्या १० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, त्यापुढे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. पाटबंधारे प्रकल्पांमुळे महाराष्ट्रात ‘सुप्रमा’ हा तिच्या नावाचा संक्षेप वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झाला आहे. विद्यापीठातील सुप्रमाही त्याच जातीची, फक्त आकड्याने लहान.

वाढीचे कारण दर वेळी कोणाचा निष्काळजीपणा असतो असेही नाही. राज्य शासनासाठी होणाऱ्या बांधकाम कंत्राटांवरील जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. २० कोटींच्या मूळ कामावर ही वाढ १ कोटी २० लाखांची होते, आणि नकाशातील एक वीटही न बदलता प्रशासकीय मान्यता अपुरी ठरू शकते. दरसूची बदलली की हेच होते. म्हणून सुधारित मान्यतेच्या प्रस्तावाला जोडायच्या तुलनात्मक तक्त्यात दरवाढ, करवाढ, परिमाणातील वाढ आणि नव्या बाबी हे चार रकाने वेगळे ठेवणे इष्ट. पहिल्या दोन रकान्यांवर फारसे प्रश्न येत नाहीत, चौथ्यावर हमखास येतात.

केंद्रपुरस्कृत योजनांमुळे आणखी एका गैरसमजाची भर पडते. पंतप्रधान उच्चतर शिक्षा अभियानात, म्हणजे पीएम-उषामध्ये, बहुविद्याशाखीय शिक्षण व संशोधन विद्यापीठांसाठी १०० कोटी रुपयांपर्यंतची तरतूद आहे आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असतो. योजनेतून विद्यापीठाची निवड झाली की बातमी ‘१०० कोटी मंजूर’ अशी येते. ती निधीची मंजुरी असते. कोणत्या इमारतीचा कोणता नकाशा बांधता येईल, हे त्यातून ठरत नाही. सविस्तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि स्थानिक नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी ही कामे त्यानंतरही उरतातच.

या दोन्ही मान्यतांच्या कक्षेबाहेर राहणारा एक खर्च आहे, तो चालू खर्चाचा. हेलियम, वार्षिक देखभाल करार, वीजबिल आणि यंत्र चालवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ यांतले काहीही भांडवली अंदाजपत्रकात बसत नाही. तंत्रज्ञाच्या पदासाठी पदनिर्मितीचा स्वतंत्र प्रस्ताव लागतो आणि तो इमारतीच्या प्रस्तावाबरोबरच, त्याच महिन्यात पाठवलेला बरा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर पाठवला, तर यंत्रांचा हमीकाळ त्या पदाची वाट पाहण्यात संपतो.