पडणारा चेंडू खरा कधी वाटतो?

पहिल्यांदा ॲनिमेशन करणाऱ्याचा चेंडू बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतो. गोल नेटका असतो, सावली बरोबर असते, पण फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी चित्रं, चालू केल्या की चेंडू पडण्याऐवजी लिफ्टने उतरल्यासारखा खाली येतो. अशा वेळी चित्र पुन्हा काढून उपयोग नसतो. एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत चेंडू किती सरकला, ते तपासावं लागतं. हालचालीला एकूण किती फ्रेम लागल्या ते टायमिंग, आणि त्या फ्रेममध्ये वस्तू कुठेकुठे ठेवली ते स्पेसिंग. वस्तू जड की हलकी, कडक की मऊ, हे पाहणाऱ्याचा डोळा मुख्यतः यावरूनच ठरवतो. आणि हे दोन्ही शाळेतल्या पदार्थविज्ञानाने चक्क मोजून काढता येतं.

सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर एक फ्रेम म्हणजे सुमारे ०.०४२ सेकंद. हातातून नुसती सोडलेली वस्तू पहिल्या फ्रेमच्या शेवटी जेमतेम ०.८५ सेंटिमीटर खाली आलेली असते. दोन फ्रेमनंतर ती ३.४ सेंटिमीटर, चार फ्रेमनंतर १३.६, सहा फ्रेमनंतर सुमारे ३१, आठनंतर ५४, बारानंतर १२२ आणि चोवीस फ्रेमनंतर ४९० सेंटिमीटर खाली असते. यातले शेवटचे दोन आकडे पाठच करावेत: अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर, एका सेकंदात जवळजवळ पाच मीटर. ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून पडलेला कप नऊ-दहा फ्रेममध्ये जमिनीवर आपटायला हवा. नवखा माणूस त्याला सहज वीस फ्रेम देतो. वीस फ्रेममध्ये वस्तू ३.४ मीटर पडते, म्हणजे घराच्या एका मजल्याहूनही जास्त. मग तो कप पाण्यात बुडत चालल्यासारखा दिसला तर नवल नाही.

फ्रेममधली अंतरं कशी वाढत जातात, याचा नियम गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला आहे. सारख्या वेळात पार केलेली अंतरं १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात. कागदावर हे करणं सोपं आहे. चार टप्प्यांत पडायचं असेल तर उंचीचे १६ सारखे भाग करा आणि वरून पहिल्या, चौथ्या, नवव्या आणि सोळाव्या भागावर खूण करा. सहा टप्पे हवे असतील तर ३६ भाग, आणि खुणा १, ४, ९, १६, २५, ३६ वर. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवण्याची पद्धत असेल तरी प्रमाण तेच राहतं. १२२ सेंटिमीटर बारा फ्रेममध्ये, म्हणजे सहा चित्रांत, पडताना प्रत्येक भाग ३.४ सेंटिमीटरचा होतो.

वर जाताना हाच क्रम उलटा वाचायचा. खालच्या बाजूला मोठी अंतरं, शिखराजवळ छोटी. यातून फार उपयोगी गोष्ट निघते: वर जाऊन खाली येण्याच्या एकूण वेळापैकी निम्मा वेळ वस्तू वरच्या पाव उंचीत असते. ती हवेत क्षणभर थबकल्यासारखी दिसते ती यामुळेच. म्हणून शिखरावर तेच चित्र तीन-चार फ्रेम मुद्दाम थांबवून ठेवू नये. अंतरं बरोबर असतील तर थबकणं आपोआप येतं, आणि थांबवून ठेवलं तर चेंडू दोऱ्याला अडकल्यासारखा वाटतो.

चेंडू पुढेही जात असेल, तर आडवी अंतरं सगळीकडे सारखी ठेवायची. हवेत असताना त्याला पुढे ढकलणारं काही नसतं आणि छोट्या अंतरात हवेचा अडथळाही नगण्य असतो. सारखी आडवी अंतरं आणि विषम क्रमाची उभी अंतरं एकत्र केली की अन्वस्त वक्र (पॅराबोला) तयार होतो. वाट हाताने सुंदर वळणदार काढून मग तिच्यावर चेंडू सारख्या अंतराने बसवणं ही उलटी पद्धत आहे. वाट बरोबर दिसते, वेग मात्र चुकतो.

आता चेंडूचा टप्पा, म्हणजे आपटून उसळणं. टेनिसचा ‘मध्यम वेग’ या प्रकारातला चेंडू आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५४ सेंटिमीटरवरून सोडल्यावर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा लागतो. म्हणजे उंची साधारण ५५ टक्के उरते आणि वेग सुमारे तीन-चतुर्थांश, कारण उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हवेतला वेळ मात्र वेगाच्याच प्रमाणात घटतो. म्हणून पहिलं पडणं बारा फ्रेमचं असेल, तर पुढच्या टप्प्यात चढायला नऊ व उतरायला नऊ, त्यापुढे सात आणि सात, मग पाच आणि पाच. उंच्या १२२, ६९, ३९, २२ सेंटिमीटर. सर्वांत जास्त आढळणारी चूक इथेच होते: उंची कमी केली जाते, पण वेळ पहिल्याइतकाच ठेवला जातो. शेवटचे टप्पे तरंगू लागतात. खऱ्या चेंडूचे शेवटचे टप्पे टपटप लवकर संपतात.

संगणकावर चूक वेगळ्या वाटेने येते. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन की-फ्रेममधला, म्हणजे वस्तूची जागा आपण ठरवून दिलेल्या फ्रेममधला, हालचालीचा वक्र मुळातच दोन्ही टोकांना मंदावणारा असतो. शिखरावर ते योग्य आहे, जमिनीवर साफ चुकीचं. चेंडू जमिनीला टेकताना सर्वांत वेगात असतो, आणि हा वक्र त्याला तिथेच हळू करतो. हे वक्र दाखवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये उंचीचा वक्र उघडा, जमिनीवरची की-फ्रेम निवडा, कीबोर्डवर व्ही दाबून तिची हँडलं (वक्राला वळण देणारे दोन दांडे) ‘फ्री’ करा. आता डावं हँडल पडण्याच्या वेळेच्या एक-तृतीयांश मागे आणि उंचीच्या दोन-तृतीयांश वर ओढा. उजवं हँडल तसंच पुढच्या उसळीच्या मापाने. शिखरावरची दोन्ही हँडलं आडवी ठेवा आणि आपापल्या बाजूच्या वेळेच्या एक-तृतीयांश लांब करा. एवढ्याने डोळ्याच्या अंदाजाचा नव्हे, तंतोतंत अन्वस्त मिळतो. केवळ ‘व्हेक्टर’, म्हणजे शेजारच्या की-फ्रेमकडे सरळ रोखलेलं, हँडल लावून थांबलात तर टोक येतं, पण आपटण्याचा वेग हवा त्याच्या निम्माच राहतो. पुढे जाण्याचा वक्र मात्र सरळ रेषाच हवा.

टेकताना चेंडू चपटा करतात, त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं: ही कलेची सोय आहे. खरा टेनिसचा चेंडू जमिनीला काही सहस्रांश सेकंदच टेकलेला असतो, एका फ्रेमच्या कितीतरी आत. तरीही एक फ्रेम चपटेपणा दिला की मऊपणा कळतो, म्हणून तो जरूर द्यावा. फक्त आकारमान राखावं. सपाट चित्रात उंची ८० टक्के केली तर रुंदी १२५ टक्के. त्रिमितीत दोन्ही आडव्या दिशांना ११२ टक्के. हे विसरलं तर चेंडू दर टप्प्याला लहान होतो. लांबट आकार द्यायचा असेल तर वेग जास्त असलेल्या फ्रेममध्येच द्या. शिखरावर चेंडू गोलच हवा.

लोखंडी गोळा जड दाखवायला त्याला लवकर पाडू नका. सव्वा मीटरवरून तोही बारा फ्रेममध्येच येतो. वजन दिसतं टेकल्यानंतर: जवळपास न उसळणं, आकार न बदलणं, घरंगळत राहून थांबायला वेळ लागणं. फुग्याचं गणित वेगळं, कारण त्याच्यावर हवेचा अडथळा जोरदार असतो. सुरुवातीच्या थोड्या फ्रेम सोडल्या की त्याची अंतरं वाढणं थांबून सारखी होतात.

माणसाच्या उडीला हेच नियम लागू होतात, मात्र डोक्याला किंवा पायाला धरून नव्हे. उभं असताना बेंबीच्या किंचित खाली असलेला गुरुत्वमध्य अन्वस्तावरून जातो. हवेत हातपाय कसेही हलवा, त्याची वाट बदलत नाही. तो ४० सेंटिमीटर वर जाणार असेल तर चढायला सात फ्रेम, उतरायला सात. उडीआधी गुडघे वाकवून जमीन ढकलायला किती फ्रेम द्याव्यात, याचंही प्रमाण आहे: ढकलण्याचा वेळ आणि चढण्याचा वेळ यांचं प्रमाण, ढकलताना शरीर जितकं वर सरकलं ते अंतर आणि उडीची उंची यांच्या प्रमाणाइतकं. ४० सेंटिमीटर ढकलून ४० सेंटिमीटर उडी, तर ढकलायलाही सात फ्रेम. तेवढ्याच वाकण्यातून महानायकाला ४.९ मीटर उडवायचं असेल तर चढायला चोवीस फ्रेम आणि ढकलायला फक्त दोन. त्या दोन फ्रेमना सहा-सात केलं की ताकद नाहीशी होते. उतरतानाही हेच प्रमाण वापरा. गुडघे खोल वाकले तर थांबायला जास्त फ्रेम, ताठ उतरला तर एक-दोन.

आकार मोठा झाला की वेळ लांबीच्या वर्गमुळाने वाढतो. १८ मीटरचा राक्षस त्याच्या मापाची तीच उडी मारताना सात फ्रेमऐवजी सुमारे बावीस फ्रेम चढतो. त्याला माणसाच्या टायमिंगवर हलवलं की तो खेळण्यातला दिसतो, कितीही बारकाईने रेखाटला तरी.

खऱ्या हालचालीवरून शिकायचं असेल तर मोबाइल स्थिर ठेवून बाजूने चित्रीकरण करा. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल, तर मोजलेल्या फ्रेमना ०.८ ने गुणलं की २४ च्या हिशोबात उत्तर येतं. आपलं काम तपासताना प्रत्येक फ्रेममध्ये गुरुत्वमध्यावर ठिपका द्या. ब्लेंडरमध्ये वस्तूसाठी हेच काम ‘मोशन पाथ’ करतो. मग पट्टी घेऊन ठिपक्यांमधली उभी अंतरं मोजा. वाढीचा क्रम जिथे मोडला असेल, तिथलीच फ्रेम दुरुस्त करायची आहे.