दर बदलला, स्क्रीन जुनीच

सांगलीच्या मार्केट यार्डात सौदा निघाला, राजापुरी हळदीचा नवा दर सर्व्हरवर चढला, तरी अडत्याच्या मोबाइलवर जुनाच आकडा. लिस्ट पार खालपर्यंत सरकवून परत वर आणली की मात्र बरोबर दर दिसतो. बाजारभावाची अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या ओळखीची ही तक्रार मोबाइलपेक्षा जुनी आहे.

माहिती एकीकडे आणि स्क्रीनवरचं तिचं रूप दुसरीकडे, ही विभागणी १९७९ साली संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत मांडली. तेव्हापासून प्रश्न तोच: माहिती बदलली हे स्क्रीनला कळवायचं कुणी? अँड्रॉइडने सुरुवातीला ते प्रोग्रामरवर सोपवलं. माहिती बदलली असं लिस्टला सांगणारी नोटिफायडेटासेटचेंज्ड ही आज्ञा लिहायची राहिली की लिस्ट जुनी. आयफोनवर तेच काम रीलोडडेटाचं. मग काहीही बदललं तरी अख्खी लिस्ट रिफ्रेश करायची सवय पडली. काम भागायचं, पण एका दरासाठी स्क्रीनवरच्या सगळ्या ओळी नव्याने भरल्या जायच्या आणि खरी चूक कुठे आहे ते झाकलं जायचं. हा जुगाड मला म्हणूनच पटत नाही.

२०१४ मध्ये अँड्रॉइडवर लिस्ट दाखवणारा नवा घटक रीसायकलरव्ह्यू आला, २०१६ मध्ये दोन लिस्टांतला फरक शोधणारं डिफयुटिल. जुनी आणि नवी लिस्ट ताडून फक्त बदललेली ओळ रंगवायची, ही मोठी सुधारणा. पण वरचा हळदीचा बग नेमका इथेच जन्मतो. आपण आहे त्याच लिस्टमध्ये दर बदलतो आणि तीच लिस्ट सबमिटलिस्ट या आज्ञेला देतो. लिस्टअ‍ॅडॅप्टर (स्क्रीनवर ओळी भरणारा भाग) पाहतो, ही तर आधीचीच, आणि तुलना न करताच परत फिरतो. लांबवर सरकवल्यावर ओळ पुन्हा भरली जाते, म्हणून तेव्हा खरा दर दिसतो. नुसतं टूलिस्ट (लिस्टची कॉपी करणारी आज्ञा) लावून नवी लिस्ट दिली तरी पुरत नाही. आतली दराची नोंदच जागेवर बदलली असेल, तर जुन्या-नव्यात फरक सापडणार कसा? नोंदीचीही कॉपी करूनच दर बदलावा लागतो.

माहितीवरून स्क्रीन आपोआप ठरावी, हा विचार २०१३ मध्ये स्क्रीन बनवण्याचं साधन असलेल्या रिअ‍ॅक्टने रुजवला. पुढे तशीच साधनं, म्हणजे फ्लटर, २०१९ मध्ये स्विफ्टयूआय आणि २०२१ मध्ये जेटपॅक कंपोज त्याच वाटेने आले. कळवायचं ओझं बरंच उतरलं. तरी कंपोजमध्येही म्यूटेबलस्टेटऑफमध्ये (बदल स्क्रीनला कळवणाऱ्या खोक्यात) साधी म्यूटेबल, म्हणजे जागेवर बदलता येणारी, लिस्ट ठेवून तिच्यात भर घातली, तर स्क्रीन हलत नाही. तिथे लिस्टमधली भरही कळवणारं म्यूटेबलस्टेटलिस्टऑफ वापरावं, नाहीतर दर वेळी नवी लिस्ट द्यावी.